बिनकुंपणाचं गाव

लॅक्स्टनला कुंपण मानवत नाही.

इंग्लंडच्या ग्रामीण भागाचं जे चित्र आपल्या ओळखीचं आहे, त्यात कुंपणं आधी नजरेत भरतात. हिरवी कुरणं, त्यांचे लहानमोठे चौकोन आणि प्रत्येक चौकोनाच्या कडेने वाढवलेली काटेरी झुडपांची दाट रांग. कॅलेंडरांवर हेच चित्र छापलेलं असतं. नॉटिंगहॅमशायरमध्ये ट्रेंट नदी आणि शेरवूडचं जंगल यांच्या मधल्या चढउतारांच्या मुलखातही सगळीकडे हेच दिसत राहतं. मग नेवर्कच्या उत्तरेला, आडरस्त्यावर लॅक्स्टनचं शिवार लागतं आणि तिथल्या मोठ्या शेतांत कुंपणं सरतात. उतारावरून पसरत गेलेली सलग जमीन, तुरळक झाडं आणि वर भलंमोठं आभाळ. एकाचा गहू कुठे संपला आणि दुसऱ्याचा कुठे सुरू झाला, हे परक्या माणसाला सांगता येणार नाही. गावाला मात्र ते वितीच्या हिशेबात ठाऊक असतं.

हे गाव हिशेबी आहे, स्मरणशक्तीचं पक्कं आहे आणि भांडणाला घाबरत नाही. भांडण कुठे मांडायचं, कोणी ऐकायचं आणि निकाल लागल्यावर पुन्हा शेजारी म्हणून कसं नांदायचं, याची त्याची रीत ठरलेली आहे. मध्ययुगात जवळजवळ अर्ध्या युरोपात जी शेतीपद्धत चालायची, ती तिच्या न्यायव्यवस्थेसकट आजही रोजच्या व्यवहारात चालू ठेवणारं इंग्लंडमधलं हे एकच गाव उरलं आहे. त्याला संग्रहालय म्हणणं अन्यायाचं होईल. इथली माणसं या जमिनीवर पोट भरतात, बँकेचे हप्ते फेडतात आणि गव्हाचा भाव पडला की त्यांचीही झोप उडते.

गावाची बांधणी पाहिली तरी त्याचा स्वभाव कळतो. मुख्य रस्त्याच्या दोन्ही अंगांना तांबड्या विटांची कौलारू शेतघरं ओळीने उभी आहेत. त्यांतली बरीचशी रस्त्याला त्रिकोणी बाजू करून आहेत, म्हणजे वर निमुळती होत जाणारी आखूड भिंत रस्त्याकडे आणि बाजूने अंगणात, गोठ्याकडे, धान्याच्या कोठाराकडे जाणारी वाट. मागे लांबोडकं परसू. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत शेतकऱ्याचं घर त्याच्या शेताच्या मधोमध, शेजाऱ्यापासून दूर, एकटं असतं. लॅक्स्टनचे शेतकरी पिढ्यानपिढ्या गावठाणात, एकमेकांच्या भिंतीला भिंत लावल्यासारखे राहत आले. त्यांची जमीन एका जागी नव्हतीच, तेव्हा घर तरी कुठल्या तुकड्यावर बांधणार? सकाळी ट्रॅक्टर कुणाचा आधी बाहेर पडला, कुणाची पेरणी लांबली, कुणाच्या गोठ्यात रात्री दिवा जळत होता, हे इथे कुणापासून लपत नाही. या गावाच्या प्रामाणिकपणाचं अर्धं श्रेय या शेजारवस्तीला द्यायला हवं.

गावाच्या उत्तरेला गवताने झाकलेली एक मोठी गढी आहे. नॉर्मन सरदारांनी मातीचा उंच ढीग रचून त्यावर किल्ला बांधला होता. शेरवूडच्या राजरानाची रखवाली ज्या घराण्यांकडे होती, त्यांचं हे ठाणं. आज तिथे एक चिराही उभा नाही. मातीचा आकार तेवढा शिल्लक आहे आणि त्यावर मेंढरं चरतात. गावात संत मायकेलचं चर्च आहे. त्यात एव्हरिंगहॅम या जुन्या जमीनदार घराण्याच्या दगडी समाध्या आहेत आणि त्यांच्यामध्ये एका स्त्रीची ओक लाकडात कोरलेली निजलेली मूर्ती आहे, चौदाव्या शतकातली. लाकडाचे पदर झिजलेत, चेहरा पुसट झालाय, तरी हाताची ठेवण ओळखू येते. पुढे लागतो कोंडवाडा. दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं जनावर इथे कोंडायचं आणि मालकाने दंड भरून सोडवून न्यायचं, ही रीत मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. आणि मग डव्हकोट नावाचा गुत्ता. गावाचं न्यायालय भरतं ते याच गुत्त्यात. गढी ओस पडली, चर्चमधली गर्दी ओसरली. गावाचा खरा अधिकार या बिअरच्या पेल्यांशेजारच्या टेबलावर टिकून राहिला.

आता जमिनीकडे वळू.

लॅक्स्टनच्या शिवारात आज तीन मोठी खुली शेतं आहेत: पश्चिमेचं वेस्ट फील्ड, दक्षिणेचं साउथ फील्ड आणि पवनचक्कीवरून नाव पडलेलं मिल फील्ड. पूर्वेला आणखी एक होतं, ते पुढे कुंपणांत गेलं. प्रत्येक शेत लांबट पट्ट्यांत विभागलेलं आहे. एका शेतकऱ्याचे पट्टे एकाशेजारी एक नसतात. काही या शेतात, काही त्या शेतात, मध्ये इतरांचे. पट्टा आणि पट्टा यांच्यामध्ये बांध नाही, तार नाही, झुडूप नाही. शेवटच्या तासाची खोल सरी हीच हद्द आणि पट्ट्याच्या टोकाला ठोकलेली लाकडी खुंटी हा तिचा पुरावा.

जमिनीची अशी विखुरलेली वाटणी कुणी आणि का केली असेल? ऑक्सफर्डचे कृषी-अर्थशास्त्रज्ञ सी. एस. ऑर्विन आणि त्यांच्या पत्नी क्रिस्टाबेल यांनी या प्रश्नाचा माग काढण्यासाठी लॅक्स्टनचीच निवड केली आणि १९३८ मध्ये 'द ओपन फील्ड्स' हे पुस्तक लिहिलं. त्यांचं उत्तर नांगरापाशी सुरू होतं. चिकणमातीची जमीन फोडायला जड नांगर लागायचा आणि त्याला बैलांच्या अनेक जोड्या. एवढा लवाजमा एका कुळाच्या आवाक्यात नसे, म्हणून शेजारी बैल एकत्र करत. बैलांची लांब रांग वळवणं कष्टाचं, म्हणून तास लांब आणि पट्टा अरुंद. एका दिवसात जेवढं नांगरून होईल तेवढा एकाचा पट्टा, दुसऱ्या दिवशीचा दुसऱ्याचा. अशी वाटणी पुढे सरकत गेली आणि आपोआप प्रत्येकाच्या वाट्याला थोडी उंचावरची, थोडी ओलीची, थोडी चांगली, थोडी हलकी जमीन आली. या उत्तरावर इतिहासकारांचे वाद आहेत. पण लॅक्स्टनच्या चिखलात पाय रुतला की नांगराची बाजू पटायला वेळ लागत नाही.

पिकांची फेरपालट सबंध गावाने मिळून करायची असते. एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरलेलं जव किंवा कडधान्य, तिसरं पड. पुढच्या वर्षी पाळी एक घर पुढे सरकते. माझ्या पट्ट्यात मला वाटेल ते पेरीन, असं म्हणायची मुभा नाही. पड शेतात पूर्वी साऱ्या गावाची जनावरं एकत्र चरायची. तिथे एकानेच पीक घेतलं असतं तर ते गावच्या मेंढरांच्या पोटात गेलं असतं. आता पड शेतात चारा घेता येतो, सामाईक चराई जवळपास थांबली आहे, पण फेरपालटीचा नियम कायम आहे.

या नांगरटीच्या मध्ये, जिथे उतार फार किंवा ओल फार, तिथे न नांगरलेल्या गवताच्या लांब पट्ट्या सोडलेल्या आहेत. त्यांना साइक म्हणतात. शतकानुशतकं नांगराचा फाळ न लागल्याने या गवतात जुन्या कुरणांतली रानफुलं तगून राहिली आहेत आणि म्हणून सरकारनेही त्यांना संरक्षण दिलं आहे. गावाने मात्र त्या फुलांसाठी राखल्या नव्हत्या. दर उन्हाळ्यात साइकमधल्या गवताचा लिलाव होतो, बोली लागते आणि आलेली रक्कम हक्कदारांत वाटली जाते. साइक नांगरणं हा गुन्हा आहे, कारण ती सगळ्यांची आहे. सगळ्यांच्या मालकीची वस्तू कुणाचीच नसते आणि म्हणून तिची नासाडी होते, असं आपण नेहमी ऐकतो. साइक हा त्याला गवतात लिहिलेला जबाब आहे. ती टिकली, कारण तिच्यावर डोळा ठेवणारे शेजारी होते आणि त्यांच्या शब्दाला दंडाची ताकद होती.

लॅक्स्टनच्या स्मरणशक्तीचा एक मोठा पुरावा ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात जपून ठेवला आहे. तो म्हणजे १६३५ चा गावाचा नकाशा, मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने काढलेला. त्यात प्रत्येक पट्टा आहे आणि सोबतच्या नोंदवहीत तो कोणाच्या वहिवाटीत होता हेही लिहिलेलं आहे. मोजणीदाराचं मन नुसत्या रेषांवर भागलेलं नाही. नकाशातल्या शेतांत बोटाच्या पेरापेक्षाही लहान माणसं आहेत. कुणी नांगर धरलाय, कुणी कापणी करतंय, कुत्री शिकारीमागे धावतायत. मालकाला जमीन मोजून हवी होती, पिअर्सने राबणारी माणसंही नोंदवून ठेवली.

हा मालक होता सर विल्यम कोर्टन, लंडनचा बडा व्यापारी. या एकाच माणसामुळे लॅक्स्टनचा धागा आपल्या किनाऱ्याला येऊन जुळतो. १६३५ मध्येच, म्हणजे गावाचा नकाशा तयार झाला त्याच वर्षी, त्याने ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी डावलून पूर्वेकडे व्यापार करण्याचा परवाना राजा पहिला चार्ल्स याच्याकडून मिळवला. पुढच्या वर्षी कॅप्टन जॉन वेडेलच्या हाताखाली त्याच्या व्यापारी मंडळाची जहाजं निघाली आणि गोव्याला येऊन थडकली. त्यानंतर मिरीच्या व्यापारासाठी याच मंडळाने कारवारला वखार घातली. जहाजं गोव्याला पोचण्याआधीच कोर्टन वारला. पुढे घराणं कर्जात बुडालं आणि लॅक्स्टनची जमीन पिअरपॉन्ट घराण्याकडे गेली. कारवारच्या वखारीत मिरीची पोती मोजली जात होती, तेव्हा तिच्या धन्यांच्या या गावात पंच शेतातल्या सऱ्या मोजत होते. व्यापार बुडाला, सऱ्या राहिल्या.

सऱ्या राहिल्या हे सोपं नव्हतं. इंग्लंडमध्ये खुली शेतं मोडून जमिनीला कुंपणं घालण्याची जी लाट आली, तिने गावंच्या गावं बदलून टाकली. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने असे ५,२०० हून अधिक कायदे केले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन त्यांच्याखाली आली. दरेक कायद्यामागे रीत ठरलेली. गावात आयुक्त येत, मोजणीदार साखळ्या टाकत, विखुरलेले पट्टे एकत्र करून प्रत्येकाला सलग तुकडा देत आणि त्याला कुंपण घालण्याचा खर्च ज्याचा त्याच्या माथी मारत. मोठ्याला तो झेपे. लहान शेतकऱ्याला तो परवडत नसे. तो जमीन विकून मजुरीला लागे. ज्याच्याकडे जमीन नव्हती, पण गायरानात एखादी गाय बांधायचा, सरपण वेचायचा रिवाजाचा हक्क होता, त्याच्या हाती बहुधा काहीच पडत नसे. नॉर्थम्पटनशायरच्या हेल्पस्टन गावचा शेतमजूर कवी जॉन क्लेअर याच्या गावासाठी १८०९ मध्ये असाच कायदा झाला. लहानपणी ज्या माळावर मोकळा हिंडला तो माळ बंद झाल्याचं दुःख त्याच्या कवितेत कायमचं राहिलं.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. कुंपण आल्यावर कष्टाळू शेतकऱ्याला आपल्या मनाने पीक निवडता आलं, पाण्याचा निचरा सुधारता आला, जनावरांची चांगली पैदास करता आली. शहरांत वाढणाऱ्या तोंडांना अन्न पुरवण्यात त्याचा वाटा होता. विखुरलेल्या पट्ट्यांमागे धावण्यात दिवस मोडतो, ही तक्रार खोटी नव्हती. लॅक्स्टनलाही ती पटली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथेही लहान पट्टे जोडून मोठे केले गेले. गाव जुनं आहे, हटवादी नाही. बैल गेले, घोडे आले, घोडे गेले, ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टरच्या वळणाला जागा हवी म्हणून पट्टे रुंद झाले. जे बदलायला हवं होतं ते त्याने बदललं. एकमेकांना विचारल्याशिवाय आपली हद्द आपण ठरवायची नाही, ही एक गोष्ट मात्र त्याने सोडली नाही.

मग लॅक्स्टन वाचलं कसं? सांगितली जाणारी कारणं अगदी व्यवहारातली आहेत. गावात मोठे जमीनदार दोन होते आणि त्यांचं दीर्घकाळ एकमत होईना. ते जमलं तोवर शेतीमालाचे भाव कोसळले होते आणि सगळं शिवार कुंपणांत घालण्याचा खर्च अंगावर घ्यायला कुणी तयार नव्हतं. म्हणजे आधी भांडणाने आणि मग मंदीने गावाला वाचवलं. त्यानंतर मात्र त्याला जाणीवपूर्वक वाचवलं गेलं. पिअरपॉन्टांचे वारस अर्ल मॅन्व्हर्स यांनी १९५२ मध्ये ही मालमत्ता कृषी मंत्रालयाला विकली, ती पद्धत टिकावी म्हणून. १९८१ मध्ये ती क्राउन इस्टेटकडे गेली. २०२० मध्ये ती पुन्हा थोर्सबीच्या, म्हणजे पिअरपॉन्ट घराण्याच्याच विश्वस्त मालमत्तेकडे परत आली. मालक बदलत गेले आणि दर वेळी गावकऱ्यांच्या मनात धास्ती दाटली: नवा धनी पंचांना मानेल ना?

या पंचांना भेटल्याशिवाय लॅक्स्टनची ओळख पुरी होत नाही.

नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार हा पंचांचा दिवस. मिडलंड्समधला हा काळ कोरड्या पायांनी बाहेर पडायचा नव्हे. दुपारी चारलाच अंधारून येतं, चिकणमाती बुटाला अशी धरते की दहा पावलांत बूट दुप्पट जड. पंचांचा प्रमुख, म्हणजे फोरमन, आणि त्याच्याबरोबरचे पंच ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीत उभे राहून शेतावर निघतात. तीन शेतांपैकी ज्यात नुकताच हिवाळी गहू पेरला आहे तेच तपासायचं, म्हणजे प्रत्येक शेताची पाळी तीन वर्षांनी येते. हिरवे कोंब जेमतेम वर आलेले असतात, म्हणून नांगर कुठवर गेला ते उघड दिसतं.

ट्रॉली थांबते, माणसं उतरतात. पट्ट्याच्या टोकाशी गवतात बुजलेली जुनी खुंटी फावड्याने उकरून शोधतात. ती कुजली असेल तर नवी ठोकतात. एक जण या टोकाला, दुसरा पार त्या टोकाला उभा राहतो. मधली सरी दोघांच्या नजरेच्या रेषेत येते का, ते बघतात. रेषा पोटात वाकलेली दिसली की सगळ्यांना कळतं, या वर्षी कुणाचा तरी नांगर शेजाऱ्याकडे सरकला आहे. कधी फूटभर साइक खाल्लेली असते, कधी गाडीवाट अरुंद झालेली, कधी चर साफ केलेला नसतो. एक जण वहीत टिपून घेतो. ज्याची चूक आहे तो बऱ्याचदा याच पंचांत, याच चिखलात उभा असतो. तो हुज्जत घालतो, हसून सोडतो किंवा गप्प राहतो, आणि खुंटी योग्य जागी ठोकायला स्वतःच हात लावतो.

मग डव्हकोटमध्ये जेवण, आणि जेवणानंतर दंडाची यादी. पुढच्या आठवड्यात गुरुवारी तिथेच न्यायालय भरतं. या प्रकारच्या न्यायालयाला कोर्ट लीट म्हणतात. एके काळी इंग्लंडभर जहागिरी-जहागिरीत ती भरत. कारभारी अध्यक्षस्थानी बसतो, बेलिफ पुकारा करतो, हजर राहायला हवं अशांची नावं वाचली जातात, गैरहजर राहणाऱ्याला नाममात्र दंड होतो. पुढच्या वर्षीचे पंच बायबलवर हात ठेवून शपथ घेतात. त्यानंतर यादी मोठ्याने वाचली जाते: अमक्याने साइक नांगरली, तमक्याने हद्द ओलांडली. दंड काही पौंडांचा. त्या रकमेने कुणी बुडत नाही. शेजाऱ्यांसमोर आपलं नाव त्या यादीत ऐकणं हीच खरी शिक्षा, आणि ती पुरते. १९७७ मध्ये पार्लमेंटने देशभरातल्या अशा जुन्या न्यायालयांचे अधिकार काढून घेतले तेव्हा लॅक्स्टनचं न्यायालय अपवाद म्हणून राखलं. ते नुसता समारंभ करत नव्हतं, काम करत होतं, हे कायदा करणाऱ्यांनाही मान्य करावं लागलं.

या गावाकडे पाहताना मराठी वाचकाच्या मनात आपला गाव उभा राहणं स्वाभाविक आहे, आणि इतिहासात ही सांगड खरोखर घातली गेली आहे. व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा सदस्य म्हणून हिंदुस्थानात काम केलेल्या हेन्री मेन यांनी १८७१ मध्ये पूर्व-पश्चिमेच्या ग्रामसमाजांवर पुस्तक लिहिलं. हिंदुस्थानातली गावं आणि युरोपातली जुनी खुली शेतं या एकाच प्राचीन व्यवस्थेच्या खुणा आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या अभ्यासकांनी या सिद्धान्ताला बरेच धक्के दिले. आपल्याकडे त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये 'गावगाडा' लिहिला तो गावात हिंडून, महसुली नोकरीच्या अनुभवातून. त्यांनी गावाच्या एकीचे गोडवे गाण्यापेक्षा तिच्यातली ओढाताण, पिळवणूक आणि आळस उघडे करून दाखवले. लॅक्स्टन बघताना मेन यांचं कुतूहल जवळ असावं आणि आत्र्यांची सावध नजरही असावी. हे गावही समतेचं नंदनवन नव्हतं. इथे जमीनदार होते, खंड होता, कुळं होती, आणि ज्याला पट्टा नाही त्याच्या शब्दाला पंचांच्या टेबलावर वजन नव्हतं. त्याचं मोठेपण अधिक साधं आहे. एवढी विषमता असूनही, नांगर कुठे थांबायचा हा प्रश्न त्याने धन्याच्या हुकुमावर किंवा दांडगाईवर सोडला नाही. शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, मोजून, दर वर्षी नव्याने सोडवला.

बांधावरून पिढ्यान् पिढ्या कोर्टात झिजलेली घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. भावाने भावाची हातभर जमीन कोरली आणि त्या हातभर जमिनीपायी एकराची किंमत वकिलांना मोजली, असे निकाल तालुक्याच्या ठिकाणी रोज लागतात. लॅक्स्टनमध्येही नांगर सरकतोच. तिथली माणसं काही निराळ्या मातीची नाहीत. फरक इतकाच की तिथे सरकलेला नांगर त्या शेताची पाळी येताच पकडला जातो, रागाचं वैर होण्याआधी. वेळेवर झालेली लहान शिक्षा मोठं भांडण टाळते, हे शहाणपण त्या गावाने पुस्तकातून घेतलं नाही. चुकत, दंड भरत, पुन्हा खुंट्या ठोकत ते अंगी बाणवलं.

आज लॅक्स्टनला धोका आहे तो कुंपणाचा नाही. कागदोपत्री संरक्षण आहे, अभ्यासक येतात, शाळेच्या सहली येतात. धोका आहे माणसं कमी होण्याचा. शेतकरी कुटुंबं पूर्वीपेक्षा कितीतरी कमी राहिली आहेत. लहान शेतीवर संसार चालत नाही, म्हणून मुलं नेवर्कला, नॉटिंगहॅमला नोकरी धरतात. गावातल्या जुन्या घरांना शहरातून येणारे गिऱ्हाईक चांगला पैसा देतात. हे नवे रहिवासी सज्जन असतात, पण त्यांचा नांगर नसतो. पंच मंडळ भरायला माणसं लागतात, आणि चिखलात उभं राहून सरी वाकडी आहे हे सांगायला ती शेती करणारीच लागतात. नकाशा ग्रंथालयात राखता येतो, गवताला संरक्षित म्हणून जाहीर करता येतं. पंच मात्र जाहीर करता येत नाहीत. ते शेतातच तयार व्हावे लागतात. तेव्हा लॅक्स्टन राखायचं असेल तर तिथल्या तरुण शेतकऱ्याचं पोट त्या जमिनीवर भरेल, याची तजवीज आधी करावी लागेल. नव्या मालकांच्या कारभाराची पारख याच एका गोष्टीवर व्हावी.

इंग्लंडमध्ये राहणारे आणि तिकडे जाणारे मराठी लोक आता थोडेथोडके नाहीत. लंडन, स्टोनहेंज, शेक्सपिअरचं गाव असं सगळं बघून होतं; एक दिवस लॅक्स्टनसाठी काढा. पाऊलवाटेवरून तिन्ही शेतं पायी फिरा, पिकात पाय घालू नका आणि साइकमधलं गवत तुडवू नका, कारण ते कुणीतरी लिलावात पैसे मोजून घेतलेलं असतं. परत आल्यावर आपल्या गावी ज्याच्याशी बांधावरून बोलणं बंद आहे, त्याला घेऊन एकदा त्या बांधावर जा आणि दोघांनी मिळून हद्द मोजा.